जोडीदार नावाचा ‘डिपेंडंट’

परदेशी शिकायला गेलेल्या विद्यार्थ्यासोबत नवरा किंवा बायको गेली, की कागदावर त्या जोडीदाराची ओळख उरते ती ‘डिपेंडंट’, म्हणजे अवलंबून असलेली व्यक्ती, एवढीच. या शब्दामागचा कायदेशीर विचार शंभर वर्षांहून जुना आहे.

अमेरिकेत १९०७च्या कायद्यानुसार परकीयाशी लग्न करणाऱ्या स्त्रीचं नागरिकत्व जायचं, पुरुषाचं मात्र शाबूत राहायचं. एथेल मॅकेन्झी जन्माने अमेरिकन, राहायच्याही कॅलिफोर्नियातच, पण नवरा स्कॉटिश. १९१३मध्ये त्या मतदार यादीत नाव घालायला गेल्या आणि नकार घेऊन परतल्या. १९१५मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो नकार उचलून धरला. १९२२मध्ये कायदा सैलावला, तरी नवरा नागरिकत्वाला अपात्र ठरणारा आशियाई असेल, तर बायकोचं नागरिकत्व जायचंच. भारतीय क्रांतिकारक तारकनाथ दास १९०६मध्ये अमेरिकेत पोचले, तिथे शिकले, १९१४मध्ये नागरिक झाले. १९२३मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालाने भारतीयांना नागरिकत्वासाठी अपात्र ठरवलं. पुढच्याच वर्षी दासांशी लग्न केलेल्या अमेरिकन मेरी स्वतःच्या देशात परक्या ठरल्या. ही अट १९३१मध्ये गेली.

एका जोडीदाराचा दर्जा दुसऱ्यावरून ठरवायचा, ही कल्पना नागरिकत्वातून गेली, पण व्हिसात मात्र टिकली. अमेरिकेत विद्यार्थ्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या एफ-२ व्हिसावर नोकरी करता येत नाही. शिक्षणही २०१५पर्यंत हौसेपुरतंच चालायचं. त्यानंतर पदवीचे विषय घेता येऊ लागले, पण पूर्णवेळ नाही. पूर्णवेळ शिकायचं तर आधी स्वतःचा विद्यार्थी व्हिसा मिळवायचा. घरात दोन पदवीधर, त्यातल्या एकाने वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या प्रबंधाची वाट पाहायची. हा अन्याय आहे, आणि तो बहुतेकदा बायकांच्या वाट्याला येतो.

आता हेच नियम कोर्सही ठरवतात. ब्रिटनने जानेवारी २०२४पासून संशोधन पदव्या आणि सरकारी शिष्यवृत्त्या वगळता बाकीच्या विद्यार्थ्यांना जोडीदार आणायला मनाई केली. कॅनडात जानेवारी २०२५पासून मास्टर्स किमान सोळा महिन्यांचं असेल, तरच जोडीदाराला कामाचा परवाना मिळतो. पीएचडी आणि काही व्यावसायिक पदव्यांना सूट आहे. साहजिकच लग्न झालेला विद्यार्थी विषयाआधी कोर्सचे महिने मोजतो.

नागरिकाशी लग्न केलं म्हणजे वाट मोकळी झाली, असंही नाही. अमेरिकेत जे-१ या शैक्षणिक देवाणघेवाणीच्या व्हिसावर आलेल्या ज्या विद्यार्थ्यांना दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट लागू असते, त्यांना अमेरिकन जोडीदार असूनही ती चुकत नाही. वेगळी सवलत मिळाली नाही, तर ग्रीन कार्डाआधी ती दोन वर्षं काढावीच लागतात.