सोडलेल्या संघात परतण्याची वाट: ब्रिटन, युरोपीय महासंघ आणि कोकणचा माल

युरोपीय महासंघातून बाहेर पडलेल्या ब्रिटनने पुन्हा आत जावे की नाही, हा प्रश्न अर्थातच त्या देशाच्या मतदारांचा आहे. तरीही रत्नागिरी-देवगडचा हापूस आणि इथल्या बंदरांतून निर्यातीसाठी निघणारी मासळी यांच्या दृष्टीने लंडन व युरोप या दोन बाजारपेठांचे नियम ब्रिटन महासंघात असेपर्यंत बहुतांशी एकच होते, त्यानंतर ते वेगळे झाले आणि आता काही बाबतींत पुन्हा एकत्र येऊ पाहत आहेत. त्यामुळे या वादाचा पूर्वेतिहास कोकणातील बागायतदाराने आणि निर्यातदारानेही समजून घ्यावा असा आहे. चर्चेत आयात शुल्काचा गवगवा फार होतो. प्रत्यक्षात वादाचे मूळ नियम कोण ठरवतो आणि ते ठरवताना आपल्याला मत असते की नाही, यात आहे.

१९५७ साली रोमच्या तहाने सहा देशांनी युरोपीय आर्थिक समुदाय, म्हणजे आजच्या महासंघाचा पूर्वावतार, स्थापन केला, तेव्हा ब्रिटन स्वखुशीने बाहेर राहिला. राष्ट्रकुलातील देशांशी असलेला सवलतीचा व्यापार त्याला पुरेसा वाटत होता आणि १९६० मध्ये त्याने आणखी सहा देशांसह एफ्टा हा स्वतंत्र, सैल बांधणीचा व्यापारी गटही उभा केला. पण सहा देशांची अर्थव्यवस्था झपाट्याने वाढताना दिसली आणि १९६१ मध्येच मॅकमिलन सरकारने प्रवेशासाठी अर्ज केला. फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी जानेवारी १९६३ मध्ये तो फेटाळला, विल्सन सरकारचा दुसरा अर्जही १९६७ मध्ये त्यांनीच अडवला, आणि द गॉल सत्तेवरून गेल्यानंतरच, पंतप्रधान हीथ यांच्या काळात, १ जानेवारी १९७३ रोजी डेन्मार्क व आयर्लंड यांच्यासह ब्रिटनला प्रवेश मिळाला. एका सदस्याचा नकार सबंध अर्ज रोखू शकतो, हे तेव्हा दोनदा सिद्ध झाले होते, आणि तो नियम आजही तसाच आहे.

उशिरा येण्याची किंमत मासेमारीत सर्वांत ठळक दिसली. प्रवेशाच्या वाटाघाटी १९७० च्या जूनअखेर सुरू होत असतानाच मूळच्या सहा देशांनी एकमेकांच्या सागरी हद्दीत सर्वांना समान मुभा देण्याचे तत्त्व संमत करून घेतले. नव्याने येणाऱ्या चार अर्जदार देशांकडे समृद्ध मत्स्यक्षेत्रे होती, हा काही योगायोग म्हणता येणार नाही. त्या चौघांपैकी नॉर्वेने १९७२ च्या सार्वमतात प्रवेश नाकारला, त्यामागे मच्छीमारांचा विरोध हे मोठे कारण होते. ब्रिटनने मात्र ते तत्त्व गिळले आणि त्याची कडवट चव पुढे जवळजवळ पन्नास वर्षे किनाऱ्यावरच्या मतदारसंघांत टिकून राहिली. भारतावरही त्या प्रवेशाचा परिणाम झाला. राष्ट्रकुलातील सवलती संपत आल्यामुळे १९७३ च्या डिसेंबरमध्ये भारताने युरोपीय आर्थिक समुदायाशी व्यापारी सहकार्याचा करार केला आणि ताग व काथ्याच्या मालासाठी स्वतंत्र व्यवस्था करून घ्यावी लागली.

१९७५ च्या सार्वमतात सुमारे ६७ टक्के मतदारांनी समुदायात राहण्याच्या बाजूने कौल दिला. त्यानंतरच्या दोन दशकांत ब्रिटनने अनेक खास सवलती पदरात पाडून घेतल्या. १९८४ मध्ये पंतप्रधान थॅचर यांनी अर्थसंकल्पातील वर्गणीचा काही भाग परत मिळवण्याचा हक्क घेतला, महासंघाची स्थापना करणाऱ्या मास्ट्रिक्टच्या तहाच्या वेळी युरो चलनातून सूट मिळाली आणि शेंगेनच्या सामायिक सीमाव्यवस्थेतही ब्रिटन सामील झाला नाही. इतक्या सवलती अन्य कोणत्याही सदस्याकडे क्वचितच असतील. गंमत म्हणजे १९९३ पासून अस्तित्वात आलेल्या ज्या एकसंध बाजारपेठेच्या नियमांवर पुढे ब्रिटनमध्ये टीकेची झोड उठली, त्या बाजारपेठेचा आग्रह धरणाऱ्यांत थॅचर सरकारच आघाडीवर होते.

या सामायिक नियमांचा कोकणाला आलेला थेट अनुभव २०१४ चा आहे. त्याआधीच्या वर्षी भारतातून गेलेल्या फळे-भाज्यांच्या २०७ खेपांमध्ये फळमाशी व अन्य कीड आढळल्याचे कारण देऊन महासंघाने १ मे २०१४ पासून आंबा, वांगी, कारली, पडवळ आणि अळू यांच्या आयातीवर बंदी घातली. हापूसचा हंगाम ऐन भरात होता आणि निर्यातीसाठी निवडून ठेवलेले फळ देशी बाजारात वळवावे लागले. ब्रिटनमध्ये या आंब्याचे गिऱ्हाईक मोठे होते. लेस्टरचे खासदार कीथ वाझ यांनी उघडपणे विरोध केला, परंतु निर्णय महासंघाचे मुख्यालय असलेल्या ब्रसेल्समध्ये झाला असल्याने लंडनच्या हाती एकट्याने तो फिरवणे नव्हते. शेवटी भारतातील तपासणी सुधारली, पॅकहाऊसची नोंदणी कडक झाली, फळावर ४८ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात तासभर प्रक्रिया करण्याची पद्धत पुढे आली आणि जानेवारी २०१५ मध्ये आंब्यावरची बंदी उठवण्याचा निर्णय झाला. गरम पाण्याने हापूसच्या सालीवर आणि पिकण्यावर परिणाम होतो ही बागायतदारांची तक्रार खोटी नव्हती. पण ती ऐकवायची कुठे, तर ब्रसेल्सला, हे त्या वर्षी सर्वांना कळले.

२३ जून २०१६ च्या सार्वमतात ५१.९ टक्के मतदारांनी बाहेर पडण्याचा कौल दिला. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड यांचा कौल मात्र राहण्याच्या बाजूने होता. पंतप्रधान थेरेसा मे यांचा बाहेर पडण्याचा करार संसदेने तीनदा फेटाळल्यानंतर ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन औपचारिकरीत्या बाहेर पडला आणि संक्रमणकाळ २०२० च्या अखेरीस संपला. नव्या व्यापार करारात आयात शुल्क शून्य ठेवले गेले, म्हणून फारसे काही बिघडणार नाही असे सांगितले जात होते. पण जानेवारी २०२१ मध्ये स्कॉटिश मासळीचे ट्रक सीमेवरच्या कागदपत्रांत अडकले. महासंघाबाहेरच्या देशाला मासळी पाठवताना पकड प्रमाणपत्र लागते, त्यात बोटीचे नाव व नोंदणी, माशाची जात आणि वजन नमूद करावे लागते; मिरकरवाडा व हर्णैची मासळी घेणाऱ्या निर्यातदारांना हे कागद २०१० पासून परिचयाचे आहेत. स्कॉटलंडच्या निर्यातदारांना ते प्रथमच करावे लागले आणि चिडलेल्या व्यापाऱ्यांनी लंडनमध्ये सरकारी कचेऱ्यांसमोर ट्रक उभे करून निषेध नोंदवला. कालवे आणि शिंपल्यांचे तर आणखी कठीण झाले. ब्रिटनच्या बऱ्याच खाड्यांतील माल युरोपात नेऊन तिथे स्वच्छ पाण्यात शुद्ध केला जात असे. बाहेरच्या देशाकडून असा न शुद्ध केलेला माल घेण्यास महासंघाचे नियम परवानगी देत नाहीत, त्यामुळे तो व्यापार जवळपास बंद पडला. शुल्क शून्य असूनही हे घडले. ब्रिटनच्या अर्थसंकल्पीय उत्तरदायित्व कार्यालयाचा अंदाज असा की, बाहेर पडल्यामुळे देशाची उत्पादकता दीर्घकाळात सुमारे चार टक्क्यांनी कमी राहील.

मग परत जावे का? महासंघाच्या तहातील पन्नासाव्या कलमातच याचे उत्तर अर्धे लिहून ठेवले आहे: बाहेर पडलेल्या देशाला परत यायचे असेल तर त्याला एकोणपन्नासाव्या कलमानुसार, म्हणजे कोणत्याही नव्या अर्जदाराप्रमाणे, सर्व सदस्यांच्या एकमताने यावे लागेल. शिमग्याच्या पालखीतला एखादा मान घराण्याने आपणहून सोडला, तर तो परत मागताना गावातल्या प्रत्येक मानकऱ्याचे तोंड पाहावे लागते, आणि पूर्वीचाच मान मिळेल याची हमी कोणी देत नाही, तशातली ही गत आहे. वर्गणीची सवलत आणि युरो चलनातून सूट या दोन्ही गोष्टी नव्या अर्जात मिळतील असे मानायला आधार नाही. जुनी उदाहरणेही फारशी मदतीला येत नाहीत. मुख्यतः मासेमारीच्या प्रश्नावरून १९८२ च्या सार्वमतानंतर १९८५ मध्ये बाहेर पडलेला ग्रीनलंड अजून परतलेला नाही. त्याने संबंध तोडले मात्र नाहीत; आपल्या पाण्यात मासेमारीची मुभा देऊन त्याने बाजारपेठ व मोबदला मिळवला.

ब्रिटनही सध्या तुकड्या-तुकड्यांनी जवळ येण्याच्याच वाटेवर दिसतो. जानेवारी २०२४ पासून तो होरायझन या संशोधन कार्यक्रमात परतला. मजूर पक्षाने २०२४ च्या जाहीरनाम्यात एकसंध बाजारपेठ, सीमाशुल्क संघ आणि मुक्त स्थलांतर या तिन्ही गोष्टी नाकारल्या, तरी सत्तेवर आल्यावर त्याच्या सरकारने महासंघाबरोबरच्या १९ मे २०२५ च्या लंडन बैठकीत युरोपीय बोटींना ब्रिटिश पाण्यातील मुभा २०३८ पर्यंत वाढवून दिली आणि त्याच वेळी अन्न व वनस्पतींच्या आरोग्यविषयक नियमांवर सामायिक करार करण्याचे ठरले. त्यात महासंघाचे नियम बदलत जातील तसे ब्रिटननेही बदलत जायचे आहे. मला ही मधली वाट आर्थिकदृष्ट्या समंजस आणि राजकीयदृष्ट्या अवघड वाटते, कारण महासंघाबाहेर राहून एकसंध बाजारपेठेत सामील असलेल्या नॉर्वेप्रमाणे नियम पाळायचे पण मतदान करायचे नाही, अशी ती स्थिती आहे.

सीमाशुल्क संघात परतणे हा त्यापुढचा, भारताच्या दृष्टीने अधिक गंभीर टप्पा ठरेल. त्या संघातील देशांना बाहेरच्या जगासाठी एकच शुल्क ठेवावे लागते आणि व्यापार करार महासंघ करतो. २४ जुलै २०२५ रोजी झालेला भारत-ब्रिटन करार, ज्यात भारताच्या ९९ टक्के वस्तूगटांवरील शुल्क काढण्याचे ब्रिटनने मान्य केले आहे, त्याला मग जागा उरणार नाही. पॅसिफिक किनाऱ्यावरील देशांच्या ज्या व्यापारी गटात ब्रिटन डिसेंबर २०२४ मध्ये दाखल झाला, त्याबाबतही तीच अडचण आहे. कोळंबी आणि मासळीच्या निर्यातदाराला लंडनमध्ये मिळू शकणारा फायदा त्या परिस्थितीत महासंघाशी २००७ पासून रखडत, २०२२ मध्ये पुन्हा सुरू होऊन जानेवारी २०२६ मध्ये आटोपलेल्या भारताच्या स्वतंत्र वाटाघाटींच्या फलितावर अवलंबून राहील.