रीड कम्युनिटीने कॉन्फिग का येत नाही? एसएनएमपी आणि नेटकॉन्फ

नेटवर्कच्या कामात नव्याने आलेली मुलं हा प्रश्न हमखास विचारतात: "सर, एसएनएमपीने स्विचचं नाव येतं, पोर्टवरचा ट्रॅफिक येतो, मग रनिंग-कॉन्फिग का येत नाही?" प्रश्न रास्त आहे. रनिंग-कॉन्फिग म्हणजे स्विच सध्या ज्या सेटिंगवर चालतोय ती सगळी सेटिंग. एसएनएमपी आणि नेटकॉन्फ या दोघांनाही आपण 'मॅनेजमेंट प्रोटोकॉल', म्हणजे नेटवर्कवरची यंत्रं दुरून सांभाळण्याची पद्धत, म्हणतो आणि दोघांच्याही मदतीने दूर बसून कॉन्फिगचा बॅकअप घेता येतो. पण ते कॉन्फिग कुठल्या वाटेने आणि कुणाच्या हाती पोचतं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

एसएनएमपी १९८८ सालचा. त्यात प्रत्येक माहितीला एक ओआयडी, म्हणजे आकड्यांचा ठरलेला पत्ता, असतो. १.३.६.१.२.१.१.५.० विचारलं की यंत्राचं नाव मिळतं. पण अख्खं कॉन्फिग वाचून देईल असा ओआयडी सिस्कोच्या स्विचवर शोधत बसू नका. तिथे आहे तो कॉन्फिग-कॉपी नावाचा तक्ता, १.३.६.१.४.१.९.९.९६ या फांदीवर. त्यात तुम्ही एक नवी ओळ लिहायची: प्रोटोकॉल १, म्हणजे टीएफटीपी, फाइल पाठवायची साधी, पासवर्ड नसलेली पद्धत; स्रोत ४, म्हणजे रनिंग-कॉन्फिग; पोचवायचं ठिकाण १, म्हणजे नेटवर्कवरची फाइल; मग सर्व्हरचा पत्ता आणि फाइलचं नाव. शेवटी रो-स्टेटस या ओळीच्या अवस्थेच्या रकान्यात ४, म्हणजे 'ओळ बनव आणि सुरू कर', टाकलं की स्विच कामाला लागतो. स्थितीच्या रकान्यात २ दिसलं तर काम चालू आहे, ३ म्हणजे झालं, ४ म्हणजे फसलं.

आता नीट बघा. आपण काही वाचलंच नाही, लिहिलं. "तुझं कॉन्फिग अमक्या पत्त्यावर पाठवून दे" अशी चिठ्ठी स्विचला दिली आणि फाइल दुसऱ्याच वाटेने तिसऱ्याच यंत्रावर गेली. कम्युनिटी म्हणजे एसएनएमपीचा पासवर्डसारखा शब्द; रीडने फक्त वाचता येतं, राइटने बदलताही येतं. म्हणून रीड कम्युनिटी इथे चालत नाही, राइट कम्युनिटी लागते. नुसती प्रत हवी असताना बदल करण्याची किल्ली बॅकअपच्या स्क्रिप्टच्या हाती द्यावी लागते, आणि मला हे मनापासून खटकतं. कारण हीच ओळ उलटी लिहिली, स्रोत १ आणि ठिकाण ४, की बाहेरची फाइल चालत्या कॉन्फिगमध्ये शिरते.

धोका कागदावरचा नाही. एप्रिल २०१८ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनच्या सरकारी सायबर संस्थांनी मिळून राउटर-स्विचवरच्या हल्ल्यांबद्दल इशारा दिला, त्यात एसएनएमपीने कॉन्फिग पळवण्याचा उल्लेख होता. एसएनएमपी सहसा यूडीपीवर, म्हणजे आधी जोडणी न जुळवता पॅकेट पाठवण्याच्या पद्धतीवर, पोर्ट १६१ वर चालतो. पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा टाकला तरी पॅकेट पोचतं. उत्तर भलतीकडे गेलं म्हणून हल्लेखोराचं काही अडत नाही, कारण फाइल त्याने सांगितलेल्या सर्व्हरवर जाणारच असते. त्यात आवृत्ती १ आणि २सी मध्ये कम्युनिटी उघड्या अक्षरांत जाते. आवृत्ती ३ लावली, एन्क्रिप्शन चालू केलं, तर फक्त चिठ्ठी बंद पाकिटात जाते. टीएफटीपीवरून जाणारी फाइल उघडीच राहते, आणि तिच्यात तुमच्या कम्युनिटी व सिस्कोच्या 'टाइप ७' या कच्च्या पद्धतीने झाकलेले, सहज उलगडणारे पासवर्ड असतात.

नेटकॉन्फचा जन्मच या दुखण्यातून झाला. इंटरनेट आर्किटेक्चर बोर्डाने २००२ मध्ये नेटवर्क चालवणाऱ्या लोकांना एकत्र बसवलं. एसएनएमपी देखरेखीला ठीक आहे, कॉन्फिगच्या कामाला आम्ही तो वापरत नाही, असं चित्र तिथे पुढे आलं. २००६ मध्ये नेटकॉन्फचं पहिलं मानक आलं, २०११ मध्ये सुधारित. एसएसएचवर, म्हणजे एन्क्रिप्ट केलेल्या जोडणीवर, पोर्ट ८३० वर जोडणी होते. आपण 'गेट-कॉन्फिग' म्हणायचं, स्रोत म्हणून 'रनिंग' द्यायचं, आणि उत्तर त्याच जोडणीतून आपल्याच हाती एक्सएमएलमध्ये, म्हणजे टॅग लावलेल्या मजकुरात, येतं. मधला सर्व्हर नाही. वापरकर्त्याला फक्त वाचायचा अधिकार देऊनही भागतं. फक्त 'गेट' आणि 'गेट-कॉन्फिग' यांत गल्लत करू नका: नुसत्या 'गेट'मध्ये पोर्टचे काउंटर, चालू स्थिती असं सगळं येतं, आणि रोजच्या बॅकअपची तुलना केली की काही बदललेलं नसतानाही शेकडो फरक दिसतात.

एसएनएमपीची एक बाजू मात्र मान्य करायला हवी. त्याने येणारी फाइल कमांडच्या भाषेतली असते. रात्री दोन वाजता स्विच बदलायची वेळ आली तर ती उघडून वाचता येते, कन्सोलवर पेस्ट करता येते. एक्सएमएल परत चढवायला नेटकॉन्फचीच वाट धरावी लागते.

माझ्या मते, जिथे नेटकॉन्फ आहे तिथे तोच वापरावा. जुन्या स्विचवर नसेल, तर आवृत्ती ३ घ्या, प्रोटोकॉलच्या रकान्यात १ ऐवजी ४, म्हणजे एससीपी (एसएसएचवरून एन्क्रिप्ट करून फाइल पाठवणारा), चालतो का ते बघा, आणि कुठल्या सर्व्हरशी कॉपी करता येईल याची यादी स्विचवरच बांधून टाका. टीएफटीपीच हाती उरला आणि स्थिती सारखी ४ येत असेल, तर आधी सर्व्हरवर त्या नावाची रिकामी फाइल, सर्वांना लिहिता येईल अशी, तयार करून बघा. बरेच टीएफटीपी सर्व्हर नवी फाइल स्वतःहून बनवत नाहीत, आणि आपण तासभर उगाच स्विचला दोष देत बसतो.