पनामिकच्या गरम पाण्याच्या झऱ्यांना जायचंय? नाशिककरांसाठी परमिट आणि कागदपत्रांची माहिती

वज्रेश्वरी आपल्यापैकी बऱ्याच जणांची झालेली असते, पण लडाखच्या थंड वाळवंटातलं पनामिक वेगळंच आहे. लेहहून साधारण १५० किमी, खारदुंग ला (ला म्हणजे खिंड) ओलांडून नुब्रा खोऱ्यात. लेह ते यारकंद (आता चीनमध्ये) व्यापार चालायचा तेव्हा सासेर ला आणि काराकोरम खिंडीच्या आधी काफिले इथे थांबायचे, जनावरांना विश्रांती, माणसांना अंघोळ. नुब्रातल्याच हुंदर गावात दिसणारे दोन वशिंडांचे उंट त्याच व्यापारातून इथे राहिलेले.

आता परमिटचं. भारतीयांसाठी इनर लाइन परमिटची (सीमाभागात जायच्या परवानगीची) अट ऑगस्ट २०२१ मध्ये काढली, पण म्हणून हात हलवत जाऊ नका, लेह हिल कौन्सिलचं ऑनलाइन पोर्टल आधी बघा, तिथे सगळ्यांची नावं, तारखा आणि ठिकाणं टाकायची, आयडी अपलोड करायचा, त्यावेळी जे शुल्क दाखवेल ते भरायचं आणि पीडीएफ काढायची. ठिकाणांत नुब्रा आहे ना ते नीट बघून घ्या. आयडी म्हणून आधार, मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट, पॅनवर पत्ता नसतो म्हणून त्याच्या भरवशावर राहू नका. मुलांचंही आधार न्या.

पीडीएफच्या दोन-तीन प्रिंट नाशिकमधूनच काढून न्या, कारण आपलं प्रीपेड सिम तिकडे चालत नाही, पोस्टपेडच लागतं, आणि चेकपोस्टवर मोबाईल उघडेना झाला की मागे गाड्यांची रांग लागते.

घरातलं कोणी ओसीआय कार्डवालं (म्हणजे भारतीय वंशाचं पण परदेशी नागरिक) किंवा परदेशी पासपोर्टवालं असेल तर वरचं काहीच लागू नाही. त्यांना प्रोटेक्टेड एरिया परमिट लागतं, तेही लेहच्या नोंदणीकृत ट्रॅव्हल एजन्सीमार्फत, पासपोर्ट आणि व्हिसा किंवा ओसीआय कार्डच्या झेरॉक्ससकट.

एमएच १५ पासिंगची स्वतःची गाडी नेणार असाल तर आरसी, इन्शुरन्स, पीयूसी आणि लायसन्स सोबत हवं. बाहेरून भाड्याने घेतलेली गाडी किंवा बाईक मात्र तिथे फिरवू देत नाहीत, ती लेहमध्येच घ्या.

ओझरहून दिल्ली आणि तिथून विमानाने लेह केलंत तर एकदम ३५०० मीटरवर उतरता, त्यामुळे किमान ४८ तास लेहलाच आराम, नुब्राची तारीख त्यानंतरचीच टाका. यात खरंच तडजोड करू नका, बीपी-दम्यावाल्यांनी आधी डॉक्टरांना विचारा.

झरे गावाच्या वरच्या उतारावर आहेत, वाफ निघते, दगडांवर पिवळट-तांबूस थर बसलेला, गंधकाचा वास. उगमापाशी हात घालवत नाही, पाणी खाली न्हाणीघरात आणलंय तिथेच अंघोळ करा. टॉवेल आणि कपडे आपले न्या, साबण-शाम्पू झऱ्याजवळ नको.