कोऱ्या डिस्कची दोन टोके

डिस्क फॉरमॅट केली की ती कोरी होते, हा समज घरगुती संगणक वापरणाऱ्यांपुरता मर्यादित नाही. शेकडो डिस्क सांभाळणारे अभियंतेही त्यात अडकतात, आणि ‘सेफ’ या मुक्तस्रोत वितरित साठवण प्रणालीची अंतर्गत मांडणी बदलताना तर ‘डिस्क व्यस्त आहे’ किंवा ‘जीपीटी हेडर (म्हणजे डिस्कच्या विभागणीच्या तक्त्याचा मथळा) सापडले, ते आधी काढावे’ अशा संदेशांपुढे काम हमखास थांबते.

सेज वाइल यांच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील (सांताक्रूझ) डॉक्टरेटच्या संशोधनातून उभ्या राहिलेल्या सेफमध्ये साधारणपणे प्रत्येक डिस्कमागे ओएसडी नावाचा एक स्वतंत्र प्रोग्रॅम चालतो आणि माहितीच्या प्रत्येक तुकड्याच्या सहसा तीन प्रती ठेवल्या जातात. ‘फाइलस्टोअर’ या जुन्या मांडणीत ओएसडी बहुधा एक्सएफएस या फाइलसिस्टिमवर, म्हणजे डिस्कवर फायली मांडण्याच्या व्यवस्थेवर, लिहीत असे, पण त्याआधी तीच माहिती जर्नल नावाच्या कच्च्या नोंदवहीत लिहावी लागे. जर्नल त्याच डिस्कवर असले, तर लिहिण्याचा वेग जवळजवळ निम्म्यावर येई. 2017 मधील ‘ल्युमिनस’ आवृत्तीपासून रूढ झालेली ‘ब्लूस्टोअर’ ही नवी मांडणी फाइलसिस्टिम वगळून डिस्कवर थेट लिहिते आणि कोणता तुकडा कोठे आहे याच्या नोंदी रॉक्सडीबी या डेटाबेसमध्ये ठेवते. मोठ्या लेखनातील दुहेरी काम त्यामुळे टळते. मात्र जुनी डिस्क जागच्या जागी नव्या मांडणीत बदलता येत नाही. ओएसडी बंद करायचा, डिस्क पुसायची, नवा ओएसडी उभारायचा आणि इतर प्रतींवरून ती पुन्हा भरू द्यायची, हाच मार्ग आहे. अडचणी बहुतेक ‘पुसायची’ या टप्प्यावरच उभ्या राहतात.

डिस्कवर काय आहे हे ओळखण्यासाठी लिनक्स ती सगळी वाचत नाही, तर ठरावीक जागी ठरावीक खुणा शोधते. 512 बाइटांचा सेक्टर (डिस्कवरील लहान कप्पा) धरला, तर शून्याव्या सेक्टरमध्ये जुन्या पद्धतीची एक संरक्षक नोंद असते, पहिल्या सेक्टरमध्ये ‘ईएफआय पार्ट’ या आठ अक्षरांनी सुरू होणारे जीपीटी हेडर असते, त्यापुढे पार्टिशनांची, म्हणजे डिस्कच्या विभागांची, यादी असते, आणि या हेडरची व यादीची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटच्या सेक्टरांमध्ये असते. शेतकऱ्याकडचा सातबारा फाडला तरी तलाठ्याच्या दप्तरातली नोंद कायम राहते, तसाच हा प्रकार आहे. त्यामुळे डिस्कच्या सुरुवातीचे दहा मेगाबाइट शून्यांनी भरून निर्धास्त झालेल्या अभियंत्याला शेवटच्या सेक्टरमधली प्रत गाठतेच.

त्याहून मजेशीर प्रकार एक्सएफएसचा. त्याची ‘एक्सएफएसबी’ ही खूण डिस्कच्या नव्हे, पार्टिशनच्या सुरुवातीला असते. पार्टिशनांची यादी पुसली की ती खूण दिसेनाशी होते, पण नष्ट होत नाही. नवे पार्टिशन नेमके जुन्याच जागेपासून सुरू झाले, आणि पहिले पार्टिशन 2048 व्या सेक्टरपासून सुरू करण्याची बहुतेक साधनांची सवय असल्यामुळे तसे सहज घडते, तर मेलेली समजलेली फाइलसिस्टिम पुन्हा ‘सापडते’. म्हणून आधी प्रत्येक पार्टिशनवरील खुणा पुसाव्यात आणि नंतर यादी व तिची प्रत. उलट क्रमाने गेल्यास पार्टिशन कोठे होते हेच कळत नाही. ‘व्हाइपएफएस’ हे साधन या खुणा शोधून पुसते, आणि ‘सेफ-व्हॉल्यूम’मधील ‘झॅप’ ही आज्ञा ‘डिस्ट्रॉय’ पर्यायासह दिली, तर पार्टिशने आणि एलव्हीएमचे (डिस्कच्या जागेचे आभासी खंड पाडणाऱ्या लिनक्सच्या व्यवस्थेचे) खंडही काढून टाकते.

‘डिस्क व्यस्त आहे’ या संदेशाचे कारण पुष्कळदा डिस्कवर नसतेच. एलव्हीएमचा खंड एकदा सक्रिय झाला की त्याची जोडणी कर्नेलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, स्मृतीत राहते आणि डिस्कवरील खूण पुसल्याने ती सुटत नाही. खंड आधी निष्क्रिय करावा लागतो, किंवा ‘डीएमसेटअप’ या साधनाने ती जोडणी काढावी लागते. ‘सेफ-डिस्क’ या जुन्या साधनाने बनवलेल्या डिस्क तर पार्टिशनच्या प्रकार-क्रमांकावरूनच ओळखल्या जाऊन आपोआप माउंट होत, म्हणजे वापरासाठी जोडल्या जात असत; म्हणजे आपण पुसायला बसावे आणि यंत्रणेने ती डिस्क पुन्हा कामाला लावावी.

अशा वेळी संपूर्ण डिस्क शून्यांनी भरण्याचा तोडगा काही जण श्रद्धेने करतात. 12 टेराबाइटांच्या डिस्कवर सेकंदाला 200 मेगाबाइट या वेगाने त्याला 16 तासांहून अधिक लागतात, आणि कर्नेलमधील जोडणी शिल्लक असेल तर एवढे करूनही डिस्क व्यस्तच दिसते. हा उपाय नसून संगणकाला लिंबू-मिरची बांधण्याचाच सुधारित अवतार आहे. ‘स्वतःच बरी होणारी साठवण’ ही जाहिरातीतली भाषाही इथे कामाची नाही: हरवलेली प्रत सेफ स्वतः नव्याने तयार करते हे खरे, पण चुकीची डिस्क पुसणारा हात ती धरू शकत नाही.

तो धोका मोठा आहे. ‘एसडीबी’, ‘एसडीसी’ ही लिनक्सने डिस्कना दिलेली नावे यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर बदलू शकतात. म्हणून डिस्क अनुक्रमांकावरूनच ओळखावी. एकाच एसएसडीवर अनेक ओएसडींचे रॉक्सडीबी ठेवलेले असेल, तर ती अख्खी पुसल्यास ते सगळे ओएसडी एकदम जातात. तेथे फक्त संबंधित खंडच काढावा. ओएसडी नष्ट करण्यापूर्वी ‘सेफ-टू-डिस्ट्रॉय’ (इथे ‘सेफ’ म्हणजे सुरक्षित) ही तपासणी करावी, आणि सर्व प्रती पुन्हा पूर्ण झाल्याशिवाय पुढच्या डिस्कला हात लावू नये. हे काम लांबणीवर टाकलेल्यांना आता सवड उरलेली नाही, कारण 2023 मधील ‘रीफ’ आवृत्तीत फाइलस्टोअर पूर्णपणे काढून टाकलेले आहे.