आरशातली तिसरी खोली

आमच्या दादरच्या घरात खोल्या दोन. झाडूपोछा करणारा रोबो आणला, त्याने घरभर फिरून मोबाइलवर नकाशा काढून दिला, तर त्यात खोल्या तीन! तिसरी आईच्या कपाटामागे, म्हणजे खरं तर शेजाऱ्यांच्या ओट्याच्या जागी. "कुणाला सांगू नकोस, मेंटेनन्स वाढवतील," आई म्हणाली.

रोबोच्या डोक्यावर वाटीएवढी गोल टोपी असते. तिच्यात एक लेसर आणि त्याच्या शेजारी, थोड्या अंतरावर, एक छोटा कॅमेरा. लेसरचा ठिपका समोरच्या भिंतीवर पडतो (बहुधा अवरक्त, म्हणून आपल्याला दिसत नाही) आणि कॅमेरा तो तिरक्या कोनातून बघतो. लोकलच्या खिडकीतून रुळांजवळचे खांब सर्रकन मागे जातात, लांबच्या इमारती मात्र जागच्या हलत नाहीत. तसंच इथे. भिंत जवळ असली की ठिपका कॅमेऱ्यात बराच सरकलेला दिसतो, लांब असली की जेमतेम. त्या सरकण्यावरून अंतर निघतं. शाळेतले समरूप त्रिकोण, दुसरं काही नाही.

समजा लेसर-कॅमेऱ्यात 5 सेंटिमीटर अंतर आहे आणि भिंगाचं नाभीय अंतर 16 मिलिमीटर. भिंत 1 मीटरवर असताना ठिपका 0.8 मिलिमीटर सरकतो, 2 मीटरवर 0.4. पण 5 मीटर आणि 6 मीटर यांतला फरक जेमतेम 0.03 मिलिमीटर. लांबचं मोजताना ही युक्ती ढेपाळते. दहा बाय बाराच्या खोलीत तिला कसली अडचण! (काही रोबो प्रकाशाला जाऊन यायला लागणारा वेळ मोजतात. 3 मीटरवर जाऊन परत यायला 20 नॅनोसेकंद.)

टोपी सेकंदाला साधारण पाच गिरक्या घेते. एका गिरकीत 360 मोजमापं धरली तर सेकंदाला 1,800 ठिपके. पण नकाशा काढायचा तर आपण कुठे उभे आहोत ते कळायला हवं, आणि ते कळायला आधी नकाशा हवा. चाकांचे फेरे मोजून रोबो अंदाज बांधतो, सतरंजीवर चाक घसरलं की तो चुकतो, मग नवे ठिपके आधीच्या नकाशावर सरकवून, फिरवून, कुठे चपखल बसतात ते बघतो. दोन्ही कामं एकदमच चालतात. या तंत्राला 'स्लॅम' म्हणतात. मध्येच आईने त्याला उचलून दुसऱ्या खोलीत ठेवलं की त्याला चकवा लागतो. अभियंते याला चक्क 'अपहृत रोबो'ची समस्या म्हणतात.

एक गोष्ट मला उशिरा उमगली. हा लेसर घर बघतच नाही. जमिनीपासून चार बोटं उंचीवरची, काकडीच्या चकतीसारखी, घराची एकच पातळ चकती त्याला दिसते. जमिनीवरचा पाट त्या चकतीच्या खाली राहतो, म्हणून रोबो त्याला धडकतो आणि मगच बंपरला कळतं.

कपाटाचा आरसा थेट जमिनीपर्यंत आहे. किरण त्यावरून उलटून समोरच्या भिंतीवर पडला, त्याच वाटेने परत आला, आणि रोबोने सगळं अंतर नाकासमोर सरळ धरलं. झाली खोली तयार.

आईने जुन्या कॅलेंडरची वीतभर रुंद पट्टी आरशाच्या तळाला चिकटवली. अख्खा आरसा झाकायची गरजच नव्हती. पुन्हा नकाशा काढायला लावला, तर खोल्या दोन.