इंजेक्शन बदलण्याआधी तारखा जुळवा

मॅक्युलाच्या, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या मधल्या भागाच्या, ओल्या झिजेसाठी (यात पडद्याखाली पाणी किंवा रक्त झिरपतं) डोळ्यात इंजेक्शन घेणारे बहुतेक जण कधी ना कधी विचारतात, "नवीन औषध आलंय म्हणे, तेच द्या की!" बदलता येतं, आम्ही बदलतोही. पण बदलाचा फायदा बुडतो तो एकाच चुकीमुळे.

नवं औषध घ्यायचं ठरलं की जुन्या इंजेक्शनची तारीख सोडून दिली जाते. 'आधीचं औषध उतरू दे, मग नवं घेऊ' अशी समजूत असते. तसं काही उतरू द्यावं लागत नाही. जुन्याची पुढची तारीख जी असेल, त्याच दिवशी नवं देतात. सहा आठवड्यांचं अंतर दहावर गेलं की पडद्याखाली पाणी साचतं, आणि मग दोष औषधाचा की अंतराचा, हे कुणालाच सांगता येत नाही. शिवाय त्या काळात गेलेली नजर पूर्ण परत येईलच असं नाही. नवं औषध मिळायला उशीर होणार असेल, तर ठरल्या दिवशी जुनंच घ्या.

म्हणून आम्ही पहिल्याच भेटीत औषध बदलत नाही. सुरुवातीची दरमहा तीन इंजेक्शनं वेळेवर झाली का, हे आधी पाहतो. झाली असतील आणि तरी पाणी असेल, तर अंतर चार आठवड्यांवर आणून बघतो. ओसीटीच्या, म्हणजे पडद्याचे थर दाखवणाऱ्या स्कॅनच्या, चित्रात पडद्याच्या थरांमध्ये पाण्याच्या काळ्या पोकळ्या दिसत असतील, तर बदलाचा विचार लवकर करतो. पडद्याखालच्या पाण्याची बारीक, न वाढणारी काळी पट्टी काही वेळा चालवून घेता येते. पडद्यावर व्रण धरला असेल, तर कुठल्याही औषधाने त्या जागची नजर येत नाही. हे आम्ही आधीच स्पष्ट सांगतो.

बेव्हॅसिझुमॅब, रॅनिबिझुमॅब किंवा २ मिलिग्रॅम अफ्लिबरसेप्ट या जुन्या औषधांवरून ८ मिलिग्रॅम अफ्लिबरसेप्ट किंवा फॅरिसिमॅब या नव्यांवर जाण्यात खरी कमाई असते ती अंतराची. काहींना पुढे १६ आठवड्यांपर्यंत थांबता येतं, सगळ्यांना नाही. ब्रोलुसिझुमॅब या आणखी एका नव्या औषधानंतर काहींच्या डोळ्याच्या आत दाह होतो, क्वचित पडद्याच्या रक्तवाहिन्यांनाही. पूर्वी असा दाह झाला असेल तर आवर्जून सांगा.

तुलना करताना अंतर सारखं हवं. जुन्या औषधाचा आठव्या आठवड्याचा ओसीटी आणि नव्याचा चौथ्या आठवड्याचा शेजारी ठेवला, तर नवं औषध सरसच दिसणार! मशीनही तेच हवं, कारण पडद्याची जाडी मोजण्याच्या सीमा प्रत्येक मशीन वेगळ्या धरतं. आमच्याकडे प्रत्येक वेळी त्याच जागेचा स्कॅन होतो, आणि औषध, तारीख व डोळा, तिन्ही तुमच्या कार्डावर लिहून देतो. बाहेरून येत असाल तर नुसता रिपोर्ट पुरत नाही. स्कॅनच्या मूळ फाइली आणा आणि प्रत्येक इंजेक्शनची तारीख औषधाच्या नावासह लिहून आणा. 'गेल्या पावसाळ्यात घेतलं होतं' एवढ्यावर निर्णय होत नाही.

घरी रोज एक डोळा झाकून, वाचायचा चष्मा लावून चौकटीच्या कागदाकडे बघा. रेषा नव्याने वाकड्या दिसल्या तर पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका. इंजेक्शननंतर दुखणं किंवा लाली वाढत गेली, उजेड सहन होईना किंवा नजर धूसर झाली, तर अपॉइंटमेंट न घेता त्याच दिवशी या. नव्या औषधाचा दाह काही आठवड्यांनीही उमटू शकतो, तेव्हाही हेच करा.