स्वस्त मेकॅनिकल कीबोर्ड: रंगांच्या मागची चाळीस वर्षे

मेकॅनिकल कीबोर्ड, म्हणजे प्रत्येक कळेखाली स्वतःची स्प्रिंग असलेला कीबोर्ड, ही मुळात चैनीची वस्तू नव्हतीच. 1981 साली आयबीएमचा पहिला पर्सनल कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्या कीबोर्डात प्रत्येक कळेखाली स्वतंत्र स्प्रिंग होती, आणि कीबोर्ड असाच असायचा असे तेव्हा सगळे धरून चालत. 1985च्या सुमारास आलेल्या ‘मॉडेल एम’मध्ये आयबीएमने स्प्रिंगा ठेवल्या, मात्र खर्च वाचवण्यासाठी विद्युतसंपर्काचे काम त्यांच्याखालच्या प्लास्टिकच्या पातळ पटलावर सोपवले. त्याच्या खणखणीत आवाजाचे गोडवे आजही गायले जातात. पण काही कळा एकत्र दाबल्या की तिसरी नोंदलीच जात नाही, म्हणून खेळासाठी तो कीबोर्ड बेताचाच आहे. पुढच्या दशकात संगणक घरोघरी पोचले, किमती उतरल्या आणि बहुतेक उत्पादकांनी स्प्रिंगच काढून टाकली. कळांखाली रबरी फुगवट्यांची एकच चादर अंथरली की काम भागत होते.

आज दुकानात विचारला जाणारा ‘लाल की निळा?’ हा प्रश्न चेरी या कंपनीमुळे आला. अमेरिकेत 1953 साली सुरू झालेल्या आणि पुढे जर्मनीत स्थिरावलेल्या या कंपनीने 1980च्या दशकात ‘एमएक्स’ स्विच (कळेखालचा, स्प्रिंग आणि विद्युतसंपर्क असलेला सुटा भाग) बाजारात आणला आणि आतल्या दांड्याच्या रंगावरून त्याचे प्रकार ओळखले जाऊ लागले. काळा स्विच सरळ खाली जाणारा, पण जड. निळा वाटेत टिचकी वाजवणारा, म्हणजे टंकलेखकांच्या सोयीचा. तपकिरी बोटाला हलका अडथळा जाणवू देणारा, पण टिचकी न वाजवणारा. या तिघांपैकी एकही खेळणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून घडवलेला नव्हता. सुमारे 45 ग्रॅम जोर लागणारा, सरळ आणि हलका लाल स्विच 2008 साली आला आणि गेमिंगच्या कीबोर्डांनी तो उचलून धरला. दाब नोंदवायला सगळ्यांनाच साधारण दोन मिलिमीटरचा प्रवास लागतो; त्यामुळे निळ्याने खेळ बिघडतो हा समज अतिशयोक्तीचाच म्हणावा लागेल. बिघडते ती शेजारच्या खोलीतली झोप.

दरम्यान खेळच बदलले होते. 1997 साली क्वेक या खेळाची अमेरिकेतली मोठी स्पर्धा डेनिस ‘थ्रेश’ फाँगने जिंकली आणि बक्षीस म्हणून क्वेकच्या निर्मात्यांपैकी एक असलेल्या जॉन कारमॅकची फेरारी घरी नेली. उजवा हात माउसवर आणि डावा डब्ल्यू, ए, एस, डी या चार कळांवर ही त्याची बैठक पुढे सर्वमान्य झाली. तिचे दोन परिणाम आजच्या खरेदीपर्यंत पोचतात. पहिला असा की उजवीकडच्या अंकांच्या कळा खेळात निरुपयोगी ठरल्या, उलट माउसची जागा अडवू लागल्या; त्या वगळलेला 87 कळांचा कीबोर्ड लहानही असतो आणि बहुधा स्वस्तही. दुसरा परिणाम अधिक महत्त्वाचा आहे. पळता पळता उडी मारून वळायचे तर तीन-चार कळा एकाच वेळी दाबाव्या लागतात. कळांच्या तारा आडव्या-उभ्या जाळीत जोडलेल्या असल्याने त्या जाळीतल्या एखाद्या चौकोनाचे तीन कोपरे एकदम दाबले गेले की चौथाही दाबल्याचा भास होतो, आणि तो टाळण्यासाठी साधा कीबोर्ड खरी कळही नाकारतो. प्रत्येक स्विचला स्वतंत्र डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) जोडला की ही अडचण संपते. कमी किमतीत कीबोर्ड घेताना रंगीत दिव्यांच्या आधी हे तपासावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

भारतात मेकॅनिकल कीबोर्ड बराच काळ कार्यालयातच राहिला. चेन्नईच्या टीव्हीएस इलेक्ट्रॉनिक्सचा ‘गोल्ड’ हा टकटक वाजणारा, चेरीचे निळे स्विच असलेला कीबोर्ड बिलिंग काउंटरवर आणि डेटा एंट्रीच्या टेबलावर राबत होता. परदेशी गेमिंग कीबोर्ड आवाक्याबाहेर असताना कित्येक खेळाडूंनी हाच घरी आणला. पाकिटावर ‘गेमिंग’ हा शब्द नसल्यामुळेच तो स्वस्त पडत होता.

किमती खऱ्या अर्थाने उतरल्या त्या पेटंटची मुदत सरल्यावर. 2014च्या सुमारास एमएक्सच्या रचनेवरचे कायदेशीर संरक्षण संपले आणि कैह्वा (म्हणजे ‘कैल’), गॅटरॉन, औटेमू अशा चिनी उत्पादकांना तोच साचा खुला झाला. रेझरसारख्या मोठ्या कंपनीनेही त्याच वर्षी चेरी सोडून चीनमध्ये बनवलेले स्वतःच्या नावाचे स्विच आणले. रेडड्रॅगनच्या ‘कुमारा’सारखे कीबोर्ड औटेमूचे स्विच घेऊन अतिशय कमी किमतीत विकले जाऊ लागले. रंगांची नावे सर्वांनी तीच ठेवली, स्पर्श मात्र तंतोतंत तोच राहिला नाही. एका कंपनीचा लाल दुसरीच्या लालपेक्षा खरखरीत असू शकतो. पाकिटावरचा पाच कोटी दाबांचा आकडा हा उत्पादकाचाच दावा असतो, आणि एक कळ रोज 5,000 वेळा दाबली तरी तिथवर पोचायला 27 वर्षे लागतील. स्विच त्याआधी बिघडलाच, तर तो झाळकाम न करता उपटून बदलता येणारी खाचेची सोय हल्ली स्वस्त कीबोर्डांतही मिळते. थोडे जास्त पैसे तिच्यासाठी मोजणे योग्य वाटते.

गेल्या काही वर्षांत चुंबकीय स्विचची लाट आली आहे. नेदरलँड्सच्या वूटिंगने तो खेळाडूंमध्ये रुजवला आणि चिनी कंपन्यांनी लगेच किमती खाली आणल्या. कळ किती खोल गेली हे यात कळेतल्या चुंबकावरून खालचा सेन्सर मोजतो, त्यामुळे बोट जरा वर उचलले तरी कळ सुटल्याची नोंद होते. याच काळात विरुद्ध दिशांच्या दोन कळांपैकी शेवटची दाबलेली आपोआप ग्राह्य धरणारी सुविधाही कीबोर्डांत आली. ऑगस्ट 2024मध्ये वॉल्व्ह या कंपनीने आपल्या काउंटर-स्ट्राइक 2 या नेमबाजीच्या खेळाच्या अधिकृत सर्व्हरवर अशा स्वयंचलित हालचालींना बंदी केली. कळ लवकर सुटण्याची सोय मात्र त्या बंदीतून वगळलेली आहे.